बॅटरीतलं पाणी काढायचं कसं?

२० मार्च १८०० रोजी अलेस्सांद्रो व्होल्टाने इटलीतल्या कोमोहून लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. चांदीची चकती, तिच्यावर जस्ताची, तिच्यावर मिठाच्या पाण्यात भिजवलेला पुठ्ठा, पुन्हा चांदी, पुन्हा जस्त अशी चवड रचत गेलं की तिच्या दोन टोकांतून वीज सतत वाहते, असं त्यात होतं. जगातली ही पहिली बॅटरी. चवड जितकी उंच तितका झटका जोरदार, म्हणून उंची वाढवण्याचा मोह होई. पण वरच्या वजनाने खालचे पुठ्ठे पिळले जात, खारं पाणी कडेने ओघळे आणि चवडीचा जोर उतरे. पुठ्ठे वाळले तर वीजच बंद. पाणी जास्त झालं तरी पंचाईत, कमी झालं तरी पंचाईत! जस्ताच्या बॅटरीचा पुढचा इतिहास बराचसा या पेचातून सुटण्याच्या धडपडीचा आहे.

बॅटरीत पाणी हवं कशाला? जस्ताचा अणू दोन इलेक्ट्रॉन तारेतून पाठवून देतो आणि स्वतः आयन होऊन बाहेर पडतो. आतल्या आत आयनांची ये-जा झाली नाही तर तारेतला प्रवाह तिथेच थांबतो. ही ये-जा ज्यातून होते तो इलेक्ट्रोलाइट, आणि आयनांना पाण्याइतकी मोकळी वाट दुसरीकडे सहसा मिळत नाही.

पाणी जवळजवळ काढूनच टाकलं तर काय होतं, हे व्हेरोनाच्या जुसेप्पे झांबोनीने १८१२ मध्ये दाखवलं. एका बाजूला धातूचा वर्ख आणि दुसऱ्या बाजूला मँगनीज डायऑक्साइड लावलेल्या कागदाच्या शेकडो चकत्या त्याने एकावर एक रचल्या. ओलावा कागदात मुरलेला असेल तेवढाच. याच जातीच्या कोरड्या चवडींवर ऑक्सफर्डच्या क्लॅरेंडन प्रयोगशाळेतली एक घंटा १८४० पासून जवळजवळ अखंड वाजते आहे. चवडींवर गंधकाचा लेप आहे, त्यामुळे आत नेमकं काय भरलंय हे फोडल्याशिवाय कळायचं नाही, आणि वाजती घंटा फोडणार कोण? या दीर्घायुष्याची किंमत मात्र मोठी आहे. तिच्यातला प्रवाह इतका क्षीण की त्यावर साधा दिवाही लागणार नाही.

कामाची बॅटरी ओलीच राहिली. फ्रान्सच्या जॉर्ज लक्लांशेने १८६६ मध्ये काचेच्या बरणीत नवसागराचं द्रावण, त्यात जस्ताची कांडी आणि सच्छिद्र भांड्यात मँगनीज डायऑक्साइड असा घट बनवला. तारखात्यांनी तो उचलून धरला, पुढे टेलिफोन आणि दारावरच्या घंटाही त्यावर चालल्या. बरणी कलंडली की द्रावण सांडे, आणि उडून गेलेल्या पाण्याची भर कुणीतरी घालत राहावी लागे. जर्मनीतल्या माइन्झच्या कार्ल गॅसनरने १८८६ मध्ये यावर उपाय काढला. त्याने नवसागर प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये कालवला, थोडं झिंक क्लोराइड घातलं आणि जस्ताचंच भांडं करून त्यात सगळं बसवलं. आता घट आडवा ठेवा, उलटा करा, प्रवासात न्या; काही सांडत नव्हतं. दहा वर्षांनी अमेरिकेच्या नॅशनल कार्बन कंपनीने असे सेल मोठ्या प्रमाणावर बाजारात आणले. पुढे प्लास्टरची जागा कणीक आणि स्टार्चच्या खळीने घेतली. ‘ड्राय सेल’ म्हणून विकली जाणारी ही वस्तू आतून ओलसरच होती.

टॉर्च आणि ट्रान्झिस्टरमधला हाच सेल गावोगाव पोचला. त्यातल्या काळ्या मसाल्याशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतलं मँगनीज डायऑक्साइड ड्राय सेलच्या कारखान्यांना जातं. मंदावलेले सेल उन्हात ठेवून आणखी थोडा वेळ रेडिओ ऐकण्याची घरगुती युक्ती रसायनशास्त्राला धरूनच होती, कारण उबेने खळीतले आयन जरा चपळ होतात. जस्ताचं खाल्लं गेलेलं भांडं मात्र उन्हाने भरून येत नाही.

ते विजेने भरून काढायला गेलं की खरा त्रास सुरू होतो. चार्ज करताना परतणारं जस्त सपाट बसत नाही. जिथे थोडा उंचवटा तिथेच ते जास्त साचतं, सुया फुटतात आणि एखादी सुई समोरच्या इलेक्ट्रोडला टेकली की सेल आतूनच शॉर्ट होतो. शिवाय पाणी जस्ताला गंजवतं, हायड्रोजन सुटतो आणि बंद सेल फुगतो.

तरीही जस्तावर आगगाडी धावली. कोळशाची वानवा असलेल्या आयर्लंडमध्ये जेम्स ड्रम या रसायनशास्त्रज्ञाने निकेल-जस्ताची बॅटरी बनवली, सरकारने पैसा लावला आणि १९३२ पासून डब्लिन ते ब्रे अशी बॅटरीवरची गाडी सुरू झाली. ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज पुन्हा बॅटरीत जाई, ही आजच्या इलेक्ट्रिक गाड्यांची बढाई तेव्हा प्रत्यक्षात होती. अशा चार गाड्या बनल्या, महायुद्धातल्या कोळसाटंचाईत त्या उपयोगी पडल्या, आणि १९४९ मध्ये बंद झाल्या. बॅटऱ्या काढलेले डबे इंजिनामागे जोडले गेले. ड्रमचं नाव बॅटरीच्या इतिहासात याहून ठळक असायला हवं होतं.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये आंरी आंद्रेने द्रव आणि घन यांच्या मधली वाट धरली. १९४१ मध्ये त्याने चांदी-जस्ताच्या सेलमध्ये सेलोफेनचा पडदा घातला. अल्कलीत फुगलेला सेलोफेन आयनांना वाट देई, पण चांदीला आणि जस्ताच्या सुयांना बराच काळ अडवून धरी. पडदा शेवटी झिजेच, म्हणून चार्जिंगच्या फेऱ्या मोजक्याच मिळत. चांदी-जस्ताच्याच बॅटऱ्यांवर १९५७ मध्ये स्पुटनिकने सुमारे तीन आठवडे पृथ्वीवर ‘बीप-बीप’ पाठवलं. ८३.६ किलोच्या त्या उपग्रहात बॅटऱ्यांचंच वजन ५१ किलो होतं.

अस्सल घन इलेक्ट्रोलाइटची आशा प्लास्टिकमधून आली. १९७३ मध्ये ब्रिटनच्या पीटर राइट आणि सहकाऱ्यांनी पॉलिएथिलीन ऑक्साइडमध्ये क्षार मिसळले की त्यातून आयन वाहतात असं दाखवलं, आणि फ्रान्सच्या मिशेल आर्मांने त्यात बॅटरीची शक्यता पाहिली. लिथियमला ते मानवलं. जस्ताच्या आयनावर दुहेरी भार असतो. पॉलिमरमधला ऑक्सिजन त्याला इतका घट्ट धरून ठेवतो की साध्या तापमानाला तो हलता हलत नाही.

म्हणून संशोधक मधल्या वाटेवर परतले. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात चुनशेंग वांग यांच्या गटाने द्रावणात इतका क्षार घातला की पाण्याचे रेणू त्यातच गुंतून पडले आणि जस्ताला मोकळं पाणी मिळेनासं झालं. २०२२ मध्ये त्याच विद्यापीठातल्या लियांगबिंग हू यांच्या गटाने खेकड्याच्या कवचातून मिळणाऱ्या कायटोसानचं जेल वापरलं. हजार फेऱ्यांनंतरही त्या सेलची कार्यक्षमता ९९.७ टक्के राहिली, आणि जेल सुमारे पाच महिन्यांत मातीत कुजून गेलं. या जेलमध्येही पाणी आहेच. ते सगळं काढलं तर सुयांचा आणि हायड्रोजनचा त्रास कमी होईल, पण दर फेरीला जस्ताचा थर पातळ-जाड होत राहतो. द्रव त्याच्यामागे आपोआप सरकतो, कडक घन पदार्थ सरकत नाही. मध्ये फट पडते आणि आयनांची वाट तुटते. त्यामुळे जस्ताला चिकटून राहील इतका लवचिक आणि सुया रोखील इतका टणक असा पदार्थ सध्या प्रयोगशाळांतून शोधला जातो आहे.