स्टार वॉर्स : चित्रपटमालिकेचे अर्थकारण
अमेरिकन दिग्दर्शक जॉर्ज लूकस यांच्या १९७७ च्या चित्रपटापासून सुरू झालेल्या या मालिकेने अनुषंगिक उत्पादनांना, म्हणजे चित्रपटातील पात्रे व चिन्हे वापरून बनविलेल्या खेळणी, कपडे इत्यादी वस्तूंना, तिकीटविक्रीच्या तोडीचे महत्त्व मिळवून दिले. सुमारे १.१ कोटी डॉलर खर्चाच्या या चित्रपटासाठी लूकस यांनी मानधनवाढीचा आग्रह न धरता पुढील भागांचे व अनुषंगिक उत्पादनांचे हक्क मागितले. अशा विक्रीतून त्या काळी फारसे उत्पन्न अपेक्षित नसल्याने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स या चित्रपटकंपनीने ते दिले, आणि चित्रपटव्यवसायातील इतका दूरगामी करार दुसरा क्वचितच सापडेल. ही उत्पादने बनविण्याचा परवाना घेतलेल्या केनर कंपनीची खेळणी १९७७ च्या नाताळापर्यंत तयार झाली नाहीत, तेव्हा पात्रांच्या छोट्या बाहुल्यांऐवजी त्या नंतर टपालाने मिळण्याचे प्रमाणपत्र असलेली खोकी विकली गेली. १९७८ मध्ये मात्र अशा सुमारे ४ कोटी बाहुल्या खपल्या. अशा परवानापद्धतीत निर्मिती व साठ्याची जोखीम उत्पादकाकडे राहते, तर हक्कधारकाला विक्रीच्या प्रमाणात स्वामित्वशुल्क मिळते. या उत्पन्नाच्या बळावर, बँकेच्या कर्जाची जोड देऊन, लूकस यांनी १९८० चा दुसरा भाग स्वतःच्या भांडवलावर काढला. डिस्नेने २०१२ मध्ये लूकसफिल्म ही कंपनी सुमारे ४०५ कोटी डॉलरना विकत घेतली.