रेषेबाहेरचे पाच सेकंद

अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत एक लहानशी व्यायामशाळा होती. जमिनीपासून दहा फुटांवर तिला चहूबाजूंनी सज्जा होता. १८९१ च्या डिसेंबरात जेम्स नायस्मिथ या तीस वर्षांच्या शिक्षकाने त्या सज्ज्याच्या दोन टोकांना पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, अठरा विद्यार्थ्यांचे नऊ-नऊचे दोन संघ पाडले आणि तेरा नियम लिहून भिंतीवर लावले. त्या दिवशी एकच गोल झाला. बास्केटबॉलचा पहिला सामना १-० असा सुटला.

नायस्मिथला झोंबाझोंबी नसलेला खेळ हवा होता. चेंडू घेऊन पळायचेच नाही असे ठरले, तर पळणाऱ्याला पाडण्याचे कारण उरत नाही, हा त्याचा हिशेब. रेषेच्या आत तो बऱ्यापैकी जमला. रेषेच्या बाहेर मात्र पार कोलमडला, आणि त्याला कारण होता नववा नियम.

चेंडू बाहेर गेला तर तो आत फेकावा आणि ज्याचा हात आधी लागेल त्याने खेळावा, एवढेच त्यात म्हटले होते. व्यवहारात त्याचा अर्थ झाला, बाहेर जो आधी पोचेल त्याचा चेंडू. चेंडू सज्ज्यात उडाला की दोन्ही संघ जिन्याकडे सुटत. एकदा तर जिना सोडून एका संघाने आपला गडी खांद्यावर उचलून वर चढवला, अशी आठवण नायस्मिथने लिहून ठेवली आहे. ज्या माणसाने आयुष्यभर मारामारीविना खेळाचा ध्यास घेतला, त्याच्याच नियमाने जिन्यावर चेंगराचेंगरी व्हावी, हे त्याला किती लागले असेल! कबड्डीत रेषेबाहेर पाय पडला की गडी बाद आणि विषय संपला. इथे चेंडू रेषेबाहेर पडल्यावर खरा सामना सुरू होई.

त्याच नियमात आणखी दोन गोष्टी होत्या. वाद झाला तर पंचाने स्वतः चेंडू सरळ मैदानात फेकावा, ही एक. आत फेकणाऱ्याला पाच सेकंद मिळतील आणि त्याहून जास्त वेळ धरून ठेवला तर चेंडू प्रतिपक्षाला जाईल, ही दुसरी. पंचही दोन नेमले होते. एकाने माणसांकडे पाहायचे, दुसऱ्याने चेंडूकडे. चेंडू आत की बाहेर आणि बाहेर गेला तर कोणाचा, हा निवाडा दुसऱ्याचा. आज आपल्याकडच्या कुठल्याही कोर्टवर शिट्टी वाजली की ‘बॉल कोणाचा?’ असा जो गलका उठतो, तो १८९१ पासूनचा आहे.

पहिल्या सामन्यातल्या दोन कर्णधारांपैकी एक होता डंकन पॅटन. हाच पॅटन १८९४ मध्ये वायएमसीएच्या कामासाठी भारतात आला आणि येताना हा खेळ घेऊन आला. म्हणजे खेळ जन्मून तीन वर्षेही झाली नव्हती, तोवर तो इथे पोचला होता, आणि तोही सज्ज्यातली पळापळ ज्याने डोळ्यांनी पाहिली त्याच्या हातून. पुढे मुंबईत नागपाड्यासारख्या वस्तीत खेळाने घट्ट मूळ धरले. तिथल्या मुलांच्या पिढ्यान्‌पिढ्या या खेळावर वाढल्या.

अमेरिकेत बाहेरच्या चेंडूवरून हाणामारी चालूच राहिली. धंदेवाईक संघांनी त्यावर अजब तोडगा काढला. न्यू जर्सीतल्या ट्रेंटन गावच्या संघाने १८९६ मध्ये मैदानाभोवती जाळी उभारली. चेंडू जाळीला लागून परत येई, मग बाहेर जाण्याचा प्रश्नच नाही. पुढे तारेच्या आणि दोरीच्या जाळ्या बऱ्याच ठिकाणी लागल्या. खेळाडू त्यांच्यावर आदळून सोलवटून निघत, आणि इंग्रजी वर्तमानपत्रांत बास्केटबॉलपटूंना ‘केजर’, म्हणजे पिंजऱ्यातले, म्हणण्याची रीत पडली ती तेव्हाची. तोडगा प्रामाणिक होता, पण त्याने प्रश्न सुटला नाही. भांडण रेषेवरून उठून जाळीवर गेले, इतकेच.

खरा उपाय १९१३ मध्ये आला आणि तो अगदी साधा होता. बाहेर चेंडू आधी कोण पकडतो याला किंमत नाही. आत तो शेवटी कोणाला लागला ते पाहायचे आणि समोरच्या संघाला द्यायचा. धावाधाव एका फटक्यात थांबली. पण जे काम पायांवर सोपवलेले होते ते पंचाच्या डोळ्यांवर आले. बोटाच्या टोकाला निसटता स्पर्श झाला की नाही, हे आता त्याने एका क्षणात ठरवायचे. चेंडू बाहेरून आत फेकण्याच्या, म्हणजे थ्रो-इनच्या, इतिहासातले हे सगळ्यात मोठे वळण, कारण पंचाच्या नजरेवरचे ओझे इथून वाढतच गेले.

१९३७ साली अमेरिकी महाविद्यालयीन खेळात प्रत्येक गोलनंतर चेंडू वर उडवून होणारी मध्यावरची उडी बंद झाली. ज्याच्यावर गोल झाला त्याने टोपलीमागच्या एंडलाइनमागून चेंडू आत फेकायचा, असे ठरले. तोवर अधूनमधून घडणारी ही गोष्ट आता सामन्यात कितीतरी वेळा घडू लागली.

जी गोष्ट इतक्या वेळा घडते, तिच्यावर कधीतरी सामना अडतोच. १५ एप्रिल १९६५ ला बोस्टन गार्डनमध्ये एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधल्या बोस्टन सेल्टिक्स आणि फिलाडेल्फिया यांच्या मालिकेतला निर्णायक सातवा सामना होता. पाच सेकंद उरले होते आणि सेल्टिक्स ११०-१०९ असे एका गुणाने पुढे होते. बिल रसेल त्या काळचा सर्वांत मोठा बचावपटू. त्याने एंडलाइनमागून चेंडू फेकला आणि तो फलकाला आधार देणाऱ्या तारेला लागला. चूक धरली गेली, चेंडू फिलाडेल्फियाचा. मग हॅल ग्रीअरने आत फेकलेला चेंडू जॉन हॅवलिचेकने मध्येच हिसकावला आणि सेल्टिक्स जिंकले. त्या तारेचा नियम अचूक लावला गेला, म्हणून बोस्टनच्या विजयाबद्दल नंतर कोणाला बोट दाखवता आले नाही.

१५ जानेवारी १९९० ला न्यूयॉर्कमध्ये तिथल्या संघाचा शिकागो बुल्सविरुद्ध सामना होता आणि ०.१ सेकंद उरला होता. आत फेकलेला चेंडू ट्रेंट टकरने पकडला, वळून मारला आणि तीन गुणांचा गोल झाला. न्यूयॉर्क १०९-१०६ असे जिंकले. माणसाला एक दशांश सेकंदात चेंडू पकडून मारता येतो का? शिकागोची तक्रार फेटाळली गेली, पण पुढच्या मोसमात एनबीएने नियम केला की पकडून मारायला घड्याळात निदान ०.३ सेकंद हवा. त्याहून कमी असेल तर चेंडू फक्त टोलवायचा किंवा थेट टोपलीत कोंबायचा. आंतरराष्ट्रीय नियमांतही हीच मर्यादा आली. थ्रो-इनच्या पुस्तकातल्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे असा एखादा सामना उभा आहे.

आज फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांत थ्रो-इनला स्वतंत्र कलम आहे. नवखा पंच ते पाठ करतो. मुरलेला पंच त्यातल्या प्रत्येक शब्दाचे कारण जाणतो. साइडलाइनवरून फेकणाऱ्याला एकूण एक मीटरच बाजूला सरकता येते, मागे मात्र जागा असेल तेवढे जाता येते. गोल झाल्यानंतर तीच व्यक्ती एंडलाइनमागे हवी तशी धावू शकते. दोन्हींत फरक का? गोलनंतरचा थ्रो-इन हा मध्यावरच्या उडीचा वारस आहे, खेळ वाहता ठेवण्यासाठी दिलेला. बाहेर गेलेल्या चेंडूचा थ्रो-इन विशिष्ट जागेशी बांधलेला असतो. हे ज्याला ठाऊक आहे, त्या पंचाची शिट्टी चुकत नाही. आणि चेंडू आतल्या खेळाडूला लागेपर्यंत घड्याळ सुरू होत नाही. हवेत घालवलेला वेळ फुकटचा असतो.

चौथ्या सत्राच्या शेवटच्या दोन मिनिटांत पंच हात दाखवून बचावपटूला आधीच ताकीद देतो: रेषेपलीकडे हात आणू नकोस. तरीही आणला तर तांत्रिक फाउल. थेट आत फेकू न देता फाउल करून घड्याळ रोखण्याच्या चालीची शिक्षाही २०२२ मध्ये नव्याने ठरली. चेंडू हातातून सुटण्याआधी आत फाउल झाला तर एक फ्री थ्रो, वर पुन्हा थ्रो-इन. रेषेमागे दोन मीटरपेक्षा कमी जागा असेल तर बचावपटूने फेकणाऱ्यापासून एक मीटर दूर राहायचे. जागा मोकळी असेल तर मात्र त्याला मागे सारण्याचा अधिकार पंचाला नाही.

या शेवटच्या वाक्याचे वजन कळायला म्युनिकला जावे लागते. १९७२ च्या ऑलिंपिकची अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातली अंतिम लढत ९ सप्टेंबरच्या रात्री अकरा वाजून पंचेचाळीस मिनिटांनी सुरू झाली. अमेरिका ऑलिंपिकमध्ये तोवर ६३ सामने खेळली होती आणि एकही हरली नव्हती. तीन सेकंद उरले असताना डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो मारले आणि अमेरिका ५०-४९ अशी पुढे गेली.

सोव्हिएत संघाने चेंडू आत फेकला. पण त्यांचे प्रशिक्षक टाइमआउट मागितल्याचे सांगत गुणलेखकांच्या टेबलापाशी आले होते. गोंधळ पाहून ब्राझीलचे पंच रेनातो रिघेटो यांनी खेळ थांबवला. घड्याळात एक सेकंद होता. फिबाचे सरचिटणीस विल्यम जोन्स प्रेक्षागृहातून खाली उतरले आणि त्यांनी तीन बोटे दाखवली: घड्याळ तीन सेकंदांवर न्या. सामना चालू असताना असा आदेश देण्याचा अधिकार नियमांनी त्यांना दिलेला नव्हता. दुसऱ्यांदा चेंडू आत आला, तेव्हा घड्याळ नीट लावलेलेच नव्हते. भोंगा वाजला, अमेरिकी खेळाडू नाचू लागले, आणि त्यांना पुन्हा बोलावण्यात आले.

तिसऱ्यांदा चेंडू इव्हान येदेश्कोच्या हातात होता. त्याच्या समोर हात पसरून उभा होता सहा फूट अकरा इंचांचा टॉम मॅकमिलन. बल्गेरियाचे पंच आर्टेनिक अराबाजियान यांनी हाताने खूण केली. मॅकमिलनला वाटले, मागे सरक असे सांगताहेत. तांत्रिक फाउलच्या धास्तीने तो सरकला. आपण तसे सांगितले नव्हते, असे अराबाजियान नंतर म्हणाले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. समोरची भिंत हटली, येदेश्कोने मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला चेंडू भिरकावला, अलेक्सांद्र बेलोवने तो पकडून गोल केला. सोव्हिएत संघ ५१, अमेरिका ५०.

फेकणाऱ्यासमोर कोणी नसणे पुढे अमेरिकी महाविद्यालयीन खेळातही दिसले. १९९२ मध्ये केंटकीचा प्रशिक्षक रिक पिटिनोने ड्यूकविरुद्ध २.१ सेकंद उरले असताना फेकणाऱ्यासमोर मुद्दाम कोणालाच उभे केले नाही. ग्रँट हिलने मोकळेपणी लांब फेक केली आणि क्रिश्चन लेटनरने सामना १०४-१०३ असा जिंकून दिला. पण तो प्रशिक्षकाचा निर्णय होता आणि त्याची किंमत त्याने मोजली. म्युनिकमध्ये निर्णय खेळाडूचाही नव्हता आणि नियमाचाही. एका हाताच्या हालचालीचे दोघांनी दोन अर्थ लावले. बेलोवचा झेल अप्रतिम होता, त्याच्याकडून काही हिरावून घ्यायचे नाही. पण तिसरा थ्रो-इन व्हायलाच नको होता, आणि झाला तर मॅकमिलन जिथे होता तिथेच उभा राहायला हवा होता.

अमेरिकेची तक्रार पाच जणांच्या समितीने ३ विरुद्ध २ मतांनी फेटाळली. रिघेटो यांनी गुणपत्रकावर सही करायला नकार दिला. पदकसमारंभात दुसऱ्या क्रमांकाची पायरी रिकामी राहिली.