जलदूत : लातूरची चाकांवरची नळयोजना

१/ १२ एप्रिल २०१६. पहाटेच्या अंधारात लातूर स्थानकात एक मालगाडी येऊन थांबली. दहा टाकी-वाघिणी आणि त्यांत सुमारे ५ लाख लिटर पाणी. गाडी आदल्या दिवशी मिरजेहून निघाली होती. हीच ती पुढे ‘जलदूत’ म्हणून ओळखली गेलेली पाण्याची रेल्वे. तिची छायाचित्रे देशभर गाजली. तिच्यामागची व्यवस्था मात्र फारशी कुणाच्या स्मरणात नाही.

२/ लातूर शहराची तहान मांजरा नदीवरच्या धरणावर अवलंबून होती. सलग अपुऱ्या पावसाने धरण कोरडे पडले आणि नळ बंद झाले. मार्च २०१६ मध्ये टँकर भरण्याच्या जागा व पाणवठे यांच्या परिसरात जमावबंदीचे कलम १४४ लागू करावे लागले. पाण्यावरून दंगा होईल, ही भीती प्रशासनाला खरी वाटत होती.

३/ पाणी मुबलक होते ते कृष्णाकाठी, मिरजेला. अंतर सुमारे ३४० किलोमीटर. एवढ्या लांबीची जलवाहिनी काही आठवड्यांत टाकणे अशक्य. मग जी वाट आधीच अस्तित्वात होती, ती वापरायचे ठरले : मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), लातूर.

४/ या वाटेचा इतिहास मोठा रंजक आहे. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंग्रज अभियंत्याने उभी केलेली ही बार्शी लाइट रेल्वे. रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. १८९७ मध्ये बार्शी रोड (आजची कुर्डुवाडी) ते बार्शी हा पहिला टप्पा सुरू झाला. १९०६ मध्ये गाडी पंढरपूरला पोचली, १९११ मध्ये निजामाच्या मुलखातील लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला.

५/ म्हणजे जलदूताचा मार्ग स्थूलमानाने या जुन्या चिमुकल्या रेल्वेचाच मार्ग. मात्र त्या रेल्वेच्या एका आसावर पाच टनांहून अधिक भार टाकायचा नाही, असा कॅल्थ्रॉपचा दंडक होता. आता हिशेब पाहा. ५० हजार लिटर पाण्याचे वजनच ५० टन. त्यात रिकाम्या वाघिणीचे सुमारे २७ टन. हा भार चार आसांवर वाटला, तरी प्रत्येकावर सुमारे १९ टन येतो.

६/ १९७२ च्या दुष्काळात हा मार्ग अरुंदमापीच होता. तेव्हा अशी गाडी कुणाला सुचली असती, तरी ती या रुळांवरून धावू शकली नसती. कुर्डुवाडी ते लातूर हा पट्टा २००७-०८ मध्ये रुंदमापी झाला; पंढरपूर ते मिरज त्यानंतर, २०१० च्या सुमारास. हे रूपांतर प्रवासी व मालवाहतुकीसाठी झाले होते. थोड्याच वर्षांत त्यावरून एका शहराचे पिण्याचे पाणी जाईल, हे कुणाच्या ध्यानीमनीही नसेल.

७/ आता वाघिणींकडे वळू. या जातीच्या वाघिणी मुळात खनिज तेलासारख्या द्रवांसाठी बनवलेल्या. त्यांत पिण्याचे पाणी भरायचे, तर आतला तेलाचा थर काढणे भाग होते. पाणी आणि तेल एकजीव होत नाहीत. त्यामुळे नुसत्या थंड पाण्याने धुऊन हा थर सुटत नाही. म्हणून राजस्थानातील कोटा येथील रेल्वे कार्यशाळेत वाघिणी वाफेने साफ करण्यात आल्या. वाफेच्या उष्णतेने थर पातळ होतो आणि तळाच्या झडपेतून वाहून जातो.

८/ नळकामात दगा देतात ते सांधे. मिरजेत कृष्णेचे पाणी उपसून, शुद्ध करून स्थानकापर्यंत आणायचे होते. त्यासाठी नवी जलवाहिनी टाकली गेली. ती पूर्ण होईपर्यंत दहाच वाघिणी भरता येत होत्या. लातूरला पाणी स्थानकाजवळच्या एका मोठ्या विहिरीत उतरवले जाई आणि पुन्हा शुद्ध करून शहराला दिले जाई. उपसा, वाहिनी, टाकी, झडप, विहीर : यांतले काहीही अडले, की सगळेच अडले.

९/ २० एप्रिलला ५० वाघिणींची पहिली गाडी लातूरला पोचली. पाणी २५ लाख लिटर. आकडा डोळे दिपवणारा आहे. पण २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ३.८ लाख. त्या हिशेबाने माणशी साडेसहा लिटर. पहिल्या गाडीतून तर माणशी जेमतेम सव्वा लिटर. भुयारी गटारे असलेल्या शहरासाठी देशात धरले जाणारे प्रमाण आहे माणशी रोज १३५ लिटर.

१०/ अशी गाडी देशात नवी नव्हती. १९८६ मध्ये दुष्काळी राजकोटला रेल्वेने पाणी पोचवले होते. पुढे जुलै २०१९ मध्ये जोलारपेट्टईहून चेन्नईलाही पाण्याच्या गाड्या गेल्या. संकट ओळखीचे होते, उपायही ओळखीचा होता. तरी दर वेळी जुळवाजुळव घाईघाईनेच करावी लागली.

११/ जलदूताच्या शंभराहून अधिक फेऱ्या झाल्या. पावसाने दिलासा दिल्यावर ऑगस्ट २०१६ मध्ये ही वाहतूक थांबली आणि पावसाळा सरता सरता मांजरा धरण भरले. धरण भरले की दुष्काळ विस्मरणात जातो. वापरात नसलेली वाहिनी मात्र तशी विसरून चालत नाही. तिच्यात साचलेले पाणी काढावे लागते, झडपा फिरत्या ठेवाव्या लागतात, गंज पाहावा लागतो. नाहीतर पुढच्या वेळी सुरुवात पुन्हा पहिल्यापासून.

१२/ जलदूताने लातूरची तहान पूर्ण भागवली नाही. साडेसहा लिटरांत ती भागणारही नव्हती. तिने शहराला पाऊस येईपर्यंत तग धरायला मदत केली. त्या मदतीमागे कॅल्थ्रॉपने आखलेली वाट होती, रुंदमापी रूळ टाकणारे कामगार होते आणि टाक्या आतून साफ करणारे कोट्याचे हातही होते. दुष्काळाचा इतिहास लिहिताना पर्जन्यमानाच्या आकड्यांशेजारी या हातांचीही नोंद असायला हवी.