विनामूल्य मैफल आणि कलावंताचे मानधन : शिकागोच्या ग्रँट पार्कमधील संगीतपरंपरेचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

अमेरिकेतील शिकागो शहरात ऑगस्टच्या अखेरीस व सप्टेंबरच्या आरंभी जॅझ महोत्सव भरतो. खुल्या आकाशाखाली होणाऱ्या या महोत्सवाला तिकीट नसते. इ. स. १९७९ मध्ये सुरू झालेल्या या महोत्सवाकडे नगराच्या औदार्याचे उदाहरण म्हणून पाहता येईल. परंतु श्रोत्याला विनामूल्य मिळणारी मैफल वादकासाठीही विनामोबदला असते काय? नसल्यास तिचा खर्च कोण उचलतो? या दोन प्रश्नांच्या अनुषंगाने ग्रँट पार्क या सार्वजनिक उद्यानातील संगीतपरंपरेचा मागोवा घेणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

यंत्रयुग आणि वादकांची बेकारी :

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास दक्षिणेकडील राज्यांतून कृष्णवर्णीय कुटुंबे मोठ्या संख्येने शिकागोत स्थलांतरित झाली. त्यांच्याबरोबर जॅझ संगीतही आले. १९२२ मध्ये लुई आर्मस्ट्राँग न्यू ऑर्लिन्सहून येथे येऊन किंग ऑलिव्हर यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले. त्या काळी नृत्यगृहांप्रमाणेच मूकपटांची चित्रपटगृहेही वादकांच्या उपजीविकेचे साधन होती. व्हेंडोम चित्रपटगृहातील अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात आर्मस्ट्राँग वाजवीत असत. पियानोवादक टेडी वेदरफर्ड हेही त्याच वाद्यवृंदातले. पुढे १९३० च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात जॅझ वाजविणारे वेदरफर्ड ते हेच होत.

१९२७ नंतर बोलपट आले आणि चित्रपटगृहांतील वाद्यवृंद अनावश्यक ठरले. नभोवाणी व ध्वनिमुद्रिका यांमुळे प्रत्यक्ष वादनाची मागणी आणखी घटली. त्यातच १९२९ पासूनच्या आर्थिक मंदीची भर पडली. वादकाने एकदा वाजविलेले संगीत यंत्र हजारो वेळा ऐकवू लागले. मोबदला मात्र त्याला एकदाच मिळत होता.

१९३५ : उद्यानातील मैफलींचा आरंभ :

या परिस्थितीत शिकागोच्या वादक संघटनेचे अध्यक्ष जेम्स पेट्रिलो यांनी नगराच्या उद्यान मंडळाच्या सहकार्याने १९३५ च्या उन्हाळ्यात ग्रँट पार्कमध्ये विनामूल्य मैफली सुरू केल्या. नागरिकांच्या मनोरंजनाबरोबरच बेकार वादकांना सन्मानाने काम मिळवून देणे हाही त्यांचा हेतू होता. म्हणजेच ‘विनामूल्य’ ही सवलत श्रोत्यासाठी होती. कलावंताचे श्रम फुकट घेण्याची ती सबब नव्हती.

तथापि या व्यवस्थेची एक मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. शिकागोत वर्णानुसार वादकांच्या दोन संघटना होत्या. श्वेतवर्णीयांची शाखा क्र. १० पेट्रिलो यांच्या नेतृत्वाखाली होती, तर कृष्णवर्णीयांची शाखा क्र. २०८ स्वतंत्र होती. ज्यांनी जॅझला आकार दिला, ते शहराच्या दक्षिण भागातील बहुसंख्य वादक या दुसऱ्या शाखेचे होते. दोन्ही शाखांचे एकीकरण १९६६ मध्ये झाले.

ध्वनिमुद्रणबंदी व संगीत निधी :

१९४० मध्ये पेट्रिलो राष्ट्रीय वादक महासंघाचे अध्यक्ष झाले. १ ऑगस्ट १९४२ पासून महासंघाने ध्वनिमुद्रणावर बहिष्कार पुकारला. विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ध्वनिमुद्रिकेमागे कंपन्यांनी ठराविक रक्कम एका निधीत भरावी व त्यातून वादकांना प्रत्यक्ष वादनाचे काम द्यावे, अशी मागणी पुढे आली. डेक्का कंपनीने १९४३ मध्ये, तर व्हिक्टर व कोलंबिया यांनी नोव्हेंबर १९४४ मध्ये ती मान्य केली. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने अशा निधीवरील संघटनेच्या नियंत्रणास आळा घातला. परिणामी १९४८ मध्ये दुसरा बहिष्कार झाला आणि त्याच्या तडजोडीतून स्वतंत्र विश्वस्ताच्या देखरेखीखालील निधी अस्तित्वात आला. या निधीतून उद्याने, शाळा व रुग्णालये येथे विनामूल्य मैफली होऊ लागल्या आणि वादकांना स्थानिक दराने मानधन मिळू लागले.

या लढ्याची किंमतही मोठी होती. १९४३ मध्ये अर्ल हाइन्स यांच्या वाद्यवृंदात चार्ली पार्कर व डिझी गिलेस्पी एकत्र होते. परंतु बहिष्काराच्या त्या काळात या वाद्यवृंदाचे व्यावसायिक ध्वनिमुद्रण झाले नाही. जॅझच्या एका महत्त्वाच्या स्थित्यंतराचा पुरावा त्यामुळे हरवला. तसेच १९५० च्या दशकात लॉस एंजेलिसमधील ध्वनिमुद्रण करणाऱ्या वादकांनी, आपल्या कष्टाचा पैसा इतरांच्या मैफलींवर खर्च होतो, अशी उघड तक्रार केली. श्रोत्याने न दिलेले मूल्य कोणाच्या तरी वाट्याला येतेच, हे यावरून स्पष्ट होते.

स्मृतिमैफलीपासून महोत्सवाकडे :

२४ मे १९७४ रोजी ड्यूक एलिंग्टन यांचे निधन झाले. त्यांना आदरांजली वाहण्यासाठी शिकागोतील जॅझ वादक ग्रँट पार्कमध्ये एकत्र आले. नगर प्रशासनाने १९७९ मध्ये जॅझ महोत्सव सुरू केला, त्याची पूर्वपीठिका येथे आढळते. कार्यक्रमांच्या निवडीत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या जॅझ इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो या संस्थेचा मोठा वाटा राहिला. अनेक वर्षे महोत्सवाचे मुख्य कार्यक्रम पेट्रिलो यांचे नाव दिलेल्या रंगमंचावर झाले. २०१३ मध्ये महोत्सव शेजारच्या मिलेनियम पार्कमध्ये गेला.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून पुढील बाबी दिसून येतात. पहिली, ग्रँट पार्कमधील विनामूल्य मैफलींच्या मुळाशी नगराच्या औदार्याबरोबर वादकांचा रोजगारासाठीचा संघटित लढाही होता. दुसरी, या लढ्याचे लाभ वर्णभेदाच्या चौकटीत मिळत होते. म्हणून त्याचे मूल्यमापन निखळ गौरवाने करता येत नाही. तिसरी, खर्च उचलणारा घटक उद्यान मंडळ, ध्वनिमुद्रण कंपन्या, नगर प्रशासन असा बदलत गेला; पण कलावंताला मानधन मिळाले पाहिजे, हे तत्त्व त्यामागे कायम होते. आज कोणत्याही शहरात खुल्या मैदानावर विनामूल्य संगीत महोत्सव होत असेल, तर प्रवेश सर्वांना खुला आहे काय, या प्रश्नासोबतच वादकाचे मानधन कोण देते, हाही प्रश्न विचारला गेला पाहिजे. त्याचे उत्तर ‘कोणीच नाही’ असे असेल, तर त्या मैफलीचे मूल्य कलावंतच चुकवीत असतो.