कापलेले नाक आणि उसनी त्वचा

पंचवटीत लक्ष्मणाने शूर्पणखेचे नाक कापले, म्हणून गावाचे नाव नाशिक पडले, ही कथा विद्यार्थ्यांना ठाऊक असते. पण कापलेले नाक पुन्हा करता येते का? उत्तरासाठी आपल्याला नाशिकहून पुण्यापर्यंतच जावे लागते.

१७९२ च्या म्हैसूर युद्धात इंग्रजी फौजेतील कावसजी हा बैल हाकणारा टिपूच्या सैन्याच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले. टॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या मुंबई इलाख्यातील डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने तिचे सचित्र वर्णन छापले.

पद्धत अशी होती. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घ्यायचे. तो कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ ओढायची आणि तेवढी त्वचा सोडवायची. मात्र दोन डोळ्यांमधला अरुंद पट्टा तोडायचा नाही. मग त्वचा वळवून खाली आणायची, कडा जुळवायच्या आणि वर पाण्यात मऊ केलेला कात लावलेल्या कापडाच्या पट्ट्या बसवायच्या. डोळ्यांमधला पट्टा कापायचा तो सुमारे २५ व्या दिवशी.

एवढे थांबायचे कशासाठी? डाळिंबाची गुटी आठवा. मुळे फुटेपर्यंत आपण फांदी झाडापासून तोडत नाही. तसेच, नव्या जागी रक्तवाहिन्या जुळेपर्यंत त्वचेला त्या पट्ट्यातूनच रक्त मिळते.

सुश्रुतसंहितेत पानाने माप घेऊन गालाच्या त्वचेपासून नाक करण्याची रीत आहे. कपाळाची रीत १८१४ मध्ये जोसेफ कार्प्यू यांनी लंडनमध्ये वापरली. त्वचेच्या कर्करोगामुळे नाकाचा मोठा भाग काढावा लागला, तर शल्यविशारद आजही तीच वापरतात.

पण जखम फार मोठी असली, किंवा रुग्णाला लांबलचक शस्त्रक्रिया झेपणार नसली तर? १९८१ मध्ये अमेरिकेत जॉन बर्क व आयोनिस यानस यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी कृत्रिम त्वचा वापरून दाखवली. तिच्यात खाली कोलॅजेन या प्रथिनाची सच्छिद्र जाळी असते आणि वर सिलिकोनचा पापुद्रा. जाळीत रुग्णाच्याच पेशी व रक्तवाहिन्या शिरतात. दोन-तीन आठवड्यांनी पापुद्रा काढून रुग्णाच्या त्वचेचा अगदी पातळ थर वर बसवतात. पुढे ही पद्धत कर्करोगाच्या जखमांसाठीही वापरात आली. कडेला रोग उरला आहे का, याचा अहवाल येईपर्यंत जखम झाकलेली राहते, हा आणखी एक फायदा. मात्र जंतुसंसर्ग झाला तर जाळी वाया जाऊ शकते आणि नव्या त्वचेत घामाच्या ग्रंथी किंवा केस येत नाहीत.

साधने बदलली, पण रक्तवाहिन्या वाढण्याची वाट पाहणे काही चुकलेले नाही. पुण्याच्या त्या कारागिराला हे अनुभवाने कळले होते. पाहणाऱ्या डॉक्टरांची नावे इतिहासात राहिली, करणाऱ्याचे नाव मात्र त्या वर्णनात कोणी लिहिले नाही. हा धडा शिकवताना आपण विद्यार्थ्यांना ती रिकामी जागाही दाखवायला हवी.