आठच्या आठ

आमच्या घरात शेतीचा पैसा आबांच्या हातात असायचा, दुधाचा डेअरीच्या वहीत. अंड्यांचा पैसा तेवढा आईच्या कनवटीला. आमच्या वह्या-पेन्सिली, मीठ-मिरची, माहेराला जायचं एसटीचं भाडं, सगळं त्यातनं. म्हणून आई तलंग घ्यायची ती फार निरखून. कोंबडा एकदाच पैसे देतो, तेही जत्रेच्या तोंडावर. तलंग अंड्यावर आली की आठवड्याच्या आठवड्याला देते.

आठवडी बाजारात आई डालग्यापुढं उकिडवी बसायची. तीन महिन्यांच्या आतलं पाखरू ती सहसा घ्यायची नाही. आधी तुरा बघायची. दीड-दोन महिन्यांतच नराचा तुरा मोठा व्हायला, लाल पडायला लागतो. मादीचा बराच काळ बारीक आणि फिकट राहतो. मग पाय. नराचे जाड, उभं राहणं ताठ. शेवटी पाखरू काखेत धरून मानेवरची आणि शेपटीच्या मुळाशी पाठीवरची पिसं बोटांनी पसरायची. टोकाला निमुळती, चकाकती पिसं दिसली की नर. गोल टोकाची दिसली की मादी. "आरीवर जाऊ नगं," ती मला सांगायची. "ल्हानपणी दोघांच्या बी पायाला नुसती गाठच असती."

आजीचं शास्त्र वेगळं. टोकदार अंड्यातनं कोंबडा निघतो, म्हणून रवणाला ती गोल अंडी निवडून ठेवायची. ग्रीसच्या अ‍ॅरिस्टॉटलनं तर लांबट, टोकदार अंड्यातनं मादी निघते असं लिहून ठेवलंय. दोघंही चुकले. कोंबड्यांत नर की मादी हे ठरतं आईकडून, अंड्याला कवच येण्याआधीच. आकाराचा त्याच्याशी संबंध नाही.

एका उन्हाळ्यात सायकलला टोपली बांधून एक पिल्लंवाला आला. टोपलीत गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं. पोरं नुसती धावली. "लेगहॉर्न हाय मावशी, लई अंडी देणारी जात," तो म्हणाला. आईनं विचारलं, "ह्यात तलंगा किती निघत्याल?" तो म्हणाला, "येवढ्याशा पिल्लाचं आत्ताच कसं सांगावं? निम्म्या तरी निघत्यालच की."

आईनं हिशेब केला आणि साठवलेल्या पैशातनं बारा पिल्लं घेतली. एक मांजरानं नेलं, तीन मेली. उरली आठ. रंग झडला, पांढरी पिसं आली, आणि दीड महिन्यात आठांच्या आठ डोक्यांवर लाल तुरे उभे राहिले. पहाटे एकानं आरवायला सुरुवात केली की बाकीचे सात मागनं.

आबा ओसरीवरनं म्हणाले, "अंड्याचा पैसा अंड्यातच बुडाला." त्या जूनमध्ये माझ्या वह्यांसाठी आईला पहिल्यांदा आबांपुढं हात पसरावा लागला. त्यानंतर बाजारात पाखरू घेताना ती शेजारणीलाही दाखवायची. "माजा डोळा गेला," म्हणायची.

या गोष्टीचं मूळ मला फार पुढं कळलं, आणि ते निघालं थेट जपानात. तिथं १९२० नंतरच्या दशकात कियोशी मासुई, जुरो हाशिमोटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक दिवसाच्या पिल्लाचा नर-मादी भेद ओळखायची रीत बसवली. पिल्लू उलटं धरून गुदद्वार हलकेच दाबून उघडायचं आणि आतला टाचणीच्या डोक्याएवढा उंचवटा बघायचा. १९३३ साली त्यावर त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, जपानी जाणकार कॅनडा-अमेरिकेत जाऊ लागले. सराईत माणूस तासाला हजाराच्या आसपास पिल्लं निवडतो. पुढं काही वाण असेही जुळवले की पंखाच्या पिसांच्या लांबीवरनं पहिल्याच दिवशी मादी ओळखता यावी. गावठी पिल्लांत ती खूण चालत नाही.

अंडी उबवणाऱ्या कारखान्यांना याचा मोठा फायदा झाला. अंड्यांच्या जातीतला नर अंडी देत नाही, आणि ब्रॉयलरसारखं मांसही धरत नाही. त्याला दाणा घालणं परवडत नाही, म्हणून बहुतेक नर पहिल्याच दिवशी मारले जातात. काही स्वस्तात बाहेर विकले जातात. लेगहॉर्नचं पिल्लू पिवळं असतं, त्यावर रंग छान बसतो. रस्त्यावर, जत्रेत पोरांना भुरळ घालणारी ती रंगीत पिल्लं म्हणजे बहुतेक असे निवडून काढलेले नर. घरच्या रवणात आठच्या आठ नर निघायचा योग २५६ वेळांत एकदाच. आमच्या टोपलीत तो योग नव्हताच. पिल्लं गावात यायच्या आधीच माद्या बाजूला निघाल्या होत्या.

हे मी आईला सांगितलं तेव्हा तिचे केस पांढरे झाले होते. ती शेंगा फोडत होती. सगळं ऐकून घेतलं, मधेच हात थांबला.

"म्हंजे त्यात तलंग नव्हतीच?"

"नव्हतीच, आई. कुणालाच सापडली नसती."

थोड्या वेळानं म्हणाली, "आबा असायला पायजे हुते हे ऐकायला." आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.