रस्ताछेद : पालघर–तारापूर परिसर

डोंगर फोडून रस्ता काढला की कडेला जी उघडी खडकभिंत उभी राहते, तिला रस्ताछेद म्हणतात. पालघर जिल्ह्यात मुंबई–अहमदाबाद महामार्ग (राष्ट्रीय महामार्ग ४८, पूर्वीचा ८) मनोर, चारोटी, तलासरी असा जातो. बोईसर–तारापूरकडे जाणारे रस्तेही त्याला येऊन मिळतात. इथला बहुतेक कातळ दक्षिण ट्रॅपचा बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून उसळून पसरलेला लाव्हा.

छेद पाहावा तो वरून खाली. माथ्याला पिवळट-तांबूस मुरूम, त्याखाली कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोटे आणि तळाशी काळा, टणक पाषाण. खाणवाले डबर आणि खडी काढतात ती याचीच. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे वर चढून अडकतात, म्हणून प्रवाहाचा वरचा भाग सच्छिद्र असतो. पुढे त्या पोकळ्यांत कॅल्साइट, क्वार्ट्झ, झिओलाइट साचतात आणि काळ्या दगडावर पांढरे ठिपके उमटतात. दोन प्रवाहांमध्ये कुठे तांबडी, भाजलेल्या मातीची पट्टी दिसली, तर तिथे पहिला लाव्हा निवल्यावर दुसरा येईपर्यंत बराच काळ गेला असे समजावे.

आडव्या प्रवाहांना छेदत उभ्या चढलेल्या खडकाला भित्ती म्हणतात. कोकण किनाऱ्यालगत अशा अनेक भित्ती उत्तर–दक्षिण धावतात. सह्याद्रीत जवळजवळ सपाट असलेले लाव्हाचे थर किनाऱ्याकडे पश्चिमेला कलतात. या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. जे. बी. ऑडेन यांनी पश्चिम भारतातील भित्तींवर १९४९ मध्ये लिहिले, तो या अभ्यासाचा पाया.

जीवाश्म?

तप्त लाव्हात ते टिकत नाहीत. शोधायचे ते दोन प्रवाहांमधल्या गाळात, अंतरा-ट्रॅपी थरांत. मुंबईत वरळीच्या अशाच थरांत बेडकांचे सांगाडे सापडले; रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचे वर्णन केले. कासवाचे अवशेषही मुंबईच्या या थरांतून मिळाले. प्रत्येक रस्ताछेद लाव्हातलाच असतो असे नाही; अमेरिकेतील मेरीलँडच्या सायडलिंग हिलचा सुमारे १०४ मीटर खोल छेद गाळाच्या खडकातला आहे. तिथे वाकलेले थर एकाच नजरेत दिसतात.

ताजा छेद फार दिवस तसाच राहत नाही. पावसाळ्यात दरड कोसळते, झुडपे माजतात, मग सुरक्षेसाठी जाळी किंवा सिमेंटचा लेप चढतो. डहाणू–तलासरी भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपांची मालिका जाणवली असताना इथल्या भेगा, भित्ती आणि थरांचा कल नीट नोंदवणे अधिकच गरजेचे आहे. त्यासाठी भिंत झाकण्याआधीच मोजपट्टी ठेवून छायाचित्रे घ्यावीत, नमुने जपावेत आणि प्रत्येक नमुन्यावर जागा लिहून ठेवावी.